सातबाराचा आठबारा झाला तं: पायथनमधला आकडे-अक्षरी प्रोग्राम दुरुस्त कसा करायचा

वावरातली मोटर चालू नाई झाली तं आपण पहिले काय करतो? मोटर खोलून रिवाइंडिंगले नेत नाई. पहिले लाइन आहे का पाहतो, मग तिन्ही फेज आहेत का, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फुटव्हॉलमध्ये काडीकचरा अडकला का, आणि हे सगळं झाल्यावर मग मोटरवर शंका घेतो. पण प्रोग्राम बिघडला की हेच आपले पोट्टे डायरेक्ट मोटर खोलतात. सगळा कोड पुसून नव्यानं लिहितात, नाईतं व्हॉट्सअपवरून कोणाचा तरी आणून चिकटवतात, आणि तो चालला तरी काहून चालला हे मालूम नसते.

आमचं गाव आर्णी तालुक्यात. माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, दिवसभर लोकांना सातबारा नाईतं आठ-अ काढून देतो आणि फावल्या वेळात पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकलो, म्हणजे मी काही इंजिनीयर नाई हे आधीच सांगून ठेवतो. पुतणी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, एसटीनं यवतमाळले जाणं-येणं करते. घरी लॅपटॉप नाई, मोबाइलमध्ये पायड्रॉइड हे पायथन चालवायचं ॲप टाकून त्यावरच प्रोग्राम लिहिते. तिला कॉलेजात दिलेलं काम असं होतं की कोणतीही ओळ घ्यायची आणि तिच्यातले आकडे अक्षरात बदलवायचे. एवढुसंच. दहा ओळींचा प्रोग्राम. पण नवशिक्याच्या हातून होतात त्या जवळपास सगळ्या चुका या दहा ओळींत बसतात, म्हणून ती जशी अडकली आणि आम्ही जसं सोडवलं तसंच लिहितो.

एक गोष्ट आधी. कोड मी इथं देवनागरीतच लिहिला आहे, बोलतो तसा. फॉर, इन, इफ, एल्स, प्रिंट, इनपुट, इंट, रिप्लेस आणि पुढं येतील ते असे बाकीचे पायथनचे स्वतःचे शब्द, ते टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा. ओळ, उत्तर, शब्द, अक्षर ही नावं आपली आहेत आणि ती पायथन ३ मध्ये मराठीतच ठेवली तरी चालतात, खरंच चालतात, करून पाहा. आणि कोडमध्ये जिथं 7 असं दिसेल तो इंग्रजी आकडा, जिथं ७ दिसेल तो मराठी. या फरकावर पुढं भल्ला घोळ होणार आहे.

पहिले कागद, मग मोबाइल

ती आली तेव्हा म्हणे, "काकाजी, काहीच नाई होऊन राहिलं, पाहा न." मी विचारलं, काय टाकलं होतं आणि काय यायले पाहिजे होतं? तिला सांगता आलं नाई. टाकलं काहीतरी, आलं काहीतरी. आता हे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं नाई वाटून राहिलं" म्हणण्यासारखं झालं.

म्हणून पहिलं काम, वहीच्या मागच्या पानावर दोन-तीन ओळी लिहायच्या, डावीकडं काय देणार आणि उजवीकडं काय आलं पाहिजे. आम्ही हे लिहिलं:

445001 दिलं की चार चार पाच शून्य शून्य एक
7/12 दिलं की सात /एक दोन

445001 हा यवतमाळचा पिनकोड, पाठ आहे म्हणून घेतला, पण घेण्यासारखाच आहे कारण त्यात एकच आकडा दोनदा आहे आणि शून्यही आहेत, आणि चुका शून्यात आणि जोडआकड्यातच लपून बसतात. 7/12 मध्ये मधात तिरपी रेघ आहे, म्हणजे आकडा नसलेलं काही आलं तं प्रोग्राम काय करते ते कळते. नुसतं 5 देऊन "चाललं" म्हणायचं नाई.

ओरडणारी चूक सगळ्यात सोपी

तिचा पहिला कोड असा होता:

    ओळ = इंट(इनपुट("आकडा टाका: "))
    ओळ.रिप्लेस("0", "शून्य ")
    ओळ.रिप्लेस("1", "एक ")
    (असंच 9 पर्यंत)
    प्रिंट(ओळ)

चालवला की लाल अक्षरांत मोठ्ठं काहीतरी आलं आणि तिनं घाबरून स्क्रीन बंद केली. सगळे असंच करतात. त्या लाल मजकुराला ट्रेसबॅक म्हणतात आणि तो वाचायचा खालून वर. पहिल्याच ओळीत तसं लिहिलेलं असते की सगळ्यात ताजं शेवटी आहे, पण ते कोण वाचते. सगळ्यात खालची ओळ म्हणजे काय झालं, तिच्या वरची म्हणजे कुठं झालं, लाइन नंबरासकट. बाकीच्याकडं सध्या पाहू नका.

खालची ओळ होती: ॲट्रिब्यूटएरर, इंट ऑब्जेक्टला रिप्लेस नावाची गोष्टच नाई. म्हणजे पायथन साफ सांगून राहिलं की तू मले संख्या दिली आणि संख्येत अक्षरं बदलवायले सांगते, हे माह्याकडे नाई. रिप्लेस हे मजकुराचं काम आहे, पायथनच्या भाषेत स्ट्रिंगचं. आणि इनपुट जे देते ते नेहमी स्ट्रिंगच असते, तुम्ही 445001 टाका की तुमचं नाव टाका. तिनं त्याला इंटमध्ये घालून संख्या केली कारण क्लासमध्ये बेरजेच्या प्रोग्रामात तसं केलं होतं. बेरीज करायची असेल तं इंट पाहिजे, इथं आपल्याला बेरीज करायची नाई, आकड्याचं चित्र बदलवायचं आहे.

7/12 दिलं तं त्याच इंटनं दुसरा एरर दिला, व्हॅल्यूएरर, कारण 7/12 ही संख्याच नाई त्याच्या मते. आणि 007 दिलं असतं तं एररही नसता आला त्या ठिकाणी, पण दोन्ही शून्य गुपचूप गायब होऊन नुसता 7 उरला असता. हे शून्य खाण्याचं लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहे.

इंट काढलं. लाल अक्षरं गेली. आता ती खुश, आणि मी म्हटलं थांब.

चूप बसणारी चूक

445001 टाकलं, बाहेर आलं 445001. एरर नाई, काही नाई. जसंच्या तसं. "म्हणजे रिप्लेस बिघडलं हाय का?" ती म्हणे. नाई बाप्पा, पायथनचं रिप्लेस बिघडलेलं असण्याची शक्यता धरूच नका, कोटी लोक वापरतात ते.

इथं काय झालं ते नीट समजून घ्या कारण ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. पायथनमध्ये स्ट्रिंग एकदा तयार झाली की ती बदलतच नाई. रिप्लेस हे जुन्या स्ट्रिंगमध्ये खाडाखोड करत नाई, ते नवीन कॉपी काढून तिच्यात बदल करून ती तुमच्या हातात देते. झेरॉक्स काढून त्याच्यावर दुरुस्ती केली तं ओरिजिनल सातबारा तसाच राहते न, तसं. आणि ती झेरॉक्स तुम्ही घेतलीच नाई, काउंटरवरच सोडून आले, तं ती कचऱ्यात जाते. म्हणून:

    ओळ = ओळ.रिप्लेस("0", "शून्य ")

डावीकडं ओळ = लावलं म्हणजे नवी कॉपी हातात घेतली आणि तिलाच आता ओळ म्हणायचं ठरवलं. दहाही ओळींत हे करा. शब्दानंतर एक स्पेस सोडली आहे ती मुद्दाम, नाईतं चारचारपाचशून्यशून्यएक असा आगगाडीचा डबा येते.

पण हे मी तिला सांगितलं नाई लगेच. तिलाच शोधायले लावलं, आणि चूप बसणाऱ्या चुकीसाठी एकच औजार आहे, प्रिंट. प्रत्येक पायरीनंतर प्रिंट टाका आणि पाहा की तुम्हाला वाटते ते आणि तिथं खरोखर आहे ते एकच आहे का. नुसतं प्रिंट(ओळ) नाई, प्रिंट(रेप्र(ओळ)) करा (रेप्र म्हणजे इंग्रजीत repr), म्हणजे अवतरणचिन्हासकट दिसते आणि मागंपुढं स्पेस असली तं तीही दिसते. शंका असली तं प्रिंट(टाइप(ओळ)) करा, म्हणजे ती संख्या आहे का मजकूर ते कळते. तिनं पहिल्या रिप्लेसच्या खाली प्रिंट टाकलं, 445001, दुसऱ्याच्या खाली टाकलं, तरी 445001, आणि मग तिसऱ्यावर तीच म्हणे की हे बदलूनच नाई राहिलं तं बदललेलं जाते कुठी? हा प्रश्न पडला की अर्धं काम झालं.

आणि एका वेळी एकच बदल करा. दोन केले आणि चाललं तं कशानं चाललं ते मालूम नाई पडत, दोन केले आणि बिघडलं तं तेही नाई.

दहा ओळींऐवजी लूप

दहा वेळा रिप्लेस लिहिणं तिला बोर झालं म्हणून तिनं डिक्शनरी (किल्ली दिली की तिच्यासमोरचा शब्द देणारी यादी) आणि लूप (एकेका अक्षरासाठी तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फेरा) केलं. चांगलं केलं. कोड असा:

    शब्द = {0: "शून्य", 1: "एक", 2: "दोन", ... 9: "नऊ"}
    उत्तर = ""
    फॉर अक्षर इन ओळ:
        उत्तर = शब्द[अक्षर]
    प्रिंट(उत्तर)

लगेच कीएरर: '4'. आता त्या 4 च्या आजूबाजूची अवतरणचिन्हं पाहा. पायथन म्हणून राहिलं की मले '4' नावाची किल्ली सापडली नाई, अवतरणातला 4, म्हणजे मजकूर. आणि डिक्शनरीत काय आहे तं नुसता 4, संख्या. डोळ्याला दोन्ही सारखे, पायथनला नाई. किल्ल्या "0", "1" अशा अवतरणात लिहिल्या की एरर गेला.

मग 445001 चं उत्तर आलं नुसतं "एक". इथं तिला वही दिली आणि म्हटलं तूच पायथन हो. कागदावर रकाने पाड, अक्षर आणि उत्तर, आणि एकेक फेरा हातानं कर. पहिल्या फेऱ्यात अक्षर 4, उत्तर चार. दुसऱ्यात पुन्हा 4, उत्तर चार. तिसऱ्यात 5, उत्तर पाच, आणि इथं ती थांबली, "अरे हे तं जुनं पुसून राहिलं." हो न. उत्तर = लिहिलं की आधीचं जाते, जोडायचं असेल तं उत्तर = उत्तर + शब्द[अक्षर] + " " पाहिजे. कागदावरचा हा ड्राय रन लोकांना कमीपणाचा वाटते, मी अजूनही करतो.

7/12 वर पुन्हा कीएरर, या वेळी '/' चा. त्यासाठी शब्द.गेट(अक्षर, अक्षर) वापरा, म्हणजे सापडलं तं शब्द द्या, नाई सापडलं तं जे आहे तेच परत द्या.

मधात तिनं एक हुशारी केली, सगळे तुकडे यादीत टाकून शेवटी स्पेसनं जॉइन केले, म्हणजे शेवटची फालतू स्पेस जाते. आकड्यांसाठी मस्त. पण ओळीत "गट नं. 45" असं आलं की मराठी अक्षरंही सुटी झाली, ग आणि ट वेगळे, आणि नं चा तं न वेगळा आणि अनुस्वार वेगळा, बिचारा ठिपक्यांच्या गोलावर लटकलेला, कारण पायथनच्या हिशोबानं नं म्हणजे दोन कॅरेक्टर आहेत. ते परत काढलं, आणि स्पेस फक्त आकड्याच्या शब्दामागं ठेवली. आणखी दोन गोष्टी धावत्या सांगतो: शेवटचं प्रिंट लूपच्या आत गेलं तं प्रत्येक फेऱ्यात छापून येते, मोबाइलवर इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, सरकते म्हणून हे भल्लं होते; आणि इफ लिहिताना अक्षर == "1" ऑर "2" असं लिहू नका, ते नेहमी खरंच निघते, दोन्हीकडं अक्षर == लिहावं लागते.

मराठी आकड्याचा घोळ

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आली, शायनिंग मारत दोन-चार लोकांसमोर प्रोग्राम चालवून दाखवला. ओळ टाकली ७/१२, आणि बाहेर आलं ७/१२. काहीच बदललं नाई. रात्री तं चालत होता! कोडला हात नाई लावला, मग बिघडला कसा?

कोड तोच असेल आणि वागणं वेगळं असेल तं आत जाणारा माल वेगळा आहे, दुसरं काही नसते. रात्री तिनं इंग्रजी कीबोर्डवरून 7/12 टाकलं होतं, आता कीबोर्ड मराठीवर होता. आपल्याला दोन्ही सातच, कॉम्प्युटरला दोन वेगळी अक्षरं, जशी क आणि ग वेगळी. ऑर्ड नावाचं फंक्शन अक्षराचा नंबर सांगते: ऑर्ड("7") दिलं की ५५ येते, ऑर्ड("७") दिलं की २४१३. कुठं ५५ आणि कुठं २४१३! डिक्शनरीत फक्त पहिल्या घराण्याच्या किल्ल्या होत्या, गेटला ७ सापडला नाई, त्यानं जसाच्या तसा परत दिला आणि चूप बसला. म्हणजे काल आपणच लावलेल्या त्या गेटनं ही चूक झाकली. एरर आला असता तं एका मिनिटात कळलं असतं.

मी तपासायले सांगितलं की "७".इझडिजिट() करून पाह्य, म्हणजे हा आकडा आहे का ते कळते. आलं ट्रू. ती अजूनच चक्रावली, आकडा तं आहे म्हणते आणि ओळखत तं नाई. पण इथंच उपाय आहे. पायथनला मराठी आकडे आकडे म्हणून मालूम आहेत, इंट("७") केलं तं बरोबर संख्या 7 देते, इंट("१२") दिलं तरी 12. मग डिक्शनरीची गरजच काय, दहा शब्दांची यादी करा आणि संख्येनं त्यातला शब्द उचला:

    शब्द = ["शून्य", "एक", "दोन", ... "नऊ"]
    उत्तर = ""
    फॉर अक्षर इन ओळ:
        इफ अक्षर.इझडेसिमल():
            उत्तर = उत्तर + शब्द[इंट(अक्षर)] + " "
        एल्स:
            उत्तर = उत्तर + अक्षर
    प्रिंट(उत्तर)

इझडिजिट न लिहिता इझडेसिमल लिहिलं त्याला कारण आहे. क्षेत्रफळ लिहिताना मीटरवर जो बारका ² येते न, त्यालाही इझडिजिट ट्रू म्हणते, पण इंटमध्ये टाकला की व्हॅल्यूएरर. इझडेसिमल त्याला आकडा मानत नाई. जमिनीच्या कागदात मी² येणारच, म्हणून सांगितलं.

हे फक्त इनपुटमधल्या आकड्यांचं हां. कोडमध्येच क = ५ असं मराठीत लिहिलं तं पायथन घेत नाई, इनव्हॅलिड कॅरेक्टर म्हणून सिंटॅक्सएरर देते. तसाच एरर वर्डमधून कोड कॉपी केला की येते, कारण वर्ड अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवते.

वहीत तिसरी ओळ वाढवली, ७/१२.

आठबारा

यादी टाइप केली तिनं एसटीत. संध्याकाळी फोन, "काकाजी, 7/12 टाकलं तं आठ /एक दोन येऊन राहिलं." सातबाराचा आठबारा! मी म्हटलं हे तलाठ्याले नको दाखवजो.

तिला वाटलं यादी शून्यापासून मोजतात त्याचा हा घोळ, म्हणून तिनं इंट(अक्षर) - 1 केलं. सात बरोबर आलं. पण मग 1 चं शून्य झालं, 2 चं एक झालं, आणि 445001 चं आलं तीन तीन चार नऊ नऊ शून्य. शून्याचं नऊ कसं? कारण 0 मधून 1 गेला की -1, आणि पायथनमध्ये -1 म्हणजे यादीतला शेवटचा. एररही देत नाई, मागून मोजून देते. अंदाजानं एक वजा केलं, काही आकडे सुधरले आणि बाकीचे बिघडले. असं झालं की समजायचं की आपण दुखणं सोडून दुसरीकडंच पट्टी बांधली. तो बदल पहिले परत घ्या. बिघडवलेल्यावर अजून बिघडवत जाऊ नका.

परत घेतला, आणि मी म्हटलं दहाही आकडे एकदम दे, 0123456789. एररच आला, इंडेक्सएरर, यादीच्या बाहेर गेलं म्हणे. लूपच्या आत प्रिंट टाकलं तेव्हा आलं ते असं: शून्य, एक, दोन, तीन, चार, पाचसहा, सात, आठ, नऊ, आणि मग 9 वर एरर. आता एरर 9 वर आला म्हणून 9 कडं पाहू नका. चूक पहिल्यांदा कुठं झाली ते पाहा. चारपर्यंत ठीक, आणि पाचच्या जागी "पाचसहा". प्रिंट(लेन(शब्द)) केलं तं ९. दहा शब्द लिहिले आणि यादीत नऊच?

कोडमध्ये "पाच" आणि "सहा" यांच्या मधातला स्वल्पविराम राहिला होता. एसटी उडली असेल खड्ड्यात, काय मालूम. बरं स्वल्पविराम राहिला तं पायथन ओरडायले पाहिजे न? नाई ओरडत, कारण दोन स्ट्रिंग एकाला एक लागून लिहिल्या तं पायथन त्या आपोआप जोडून एक करते. लांब मजकूर दोन ओळींत तोडून लिहिता यावा म्हणून ती सोय आहे. सोयच आहे ती, पण यादीत खड्डा होऊन बसते. म्हणून यादी लिहिली की लगेच खाली लेन छापून पाहायची सवय लावा, मी तं असर्ट लेन(शब्द) == 10 अशी ओळच टाकतो, नऊ निघाले की प्रोग्राम पुढं जातच नाई, तिथंच ओरडते.

0123456789 वहीत चौथी.

पण बारा म्हणजे बाराच न

सगळं बरोबर चाललं तेव्हा घरातले आबाजी म्हणाले, "सात एक दोन काय म्हणते पोरी, सातबारा म्हण न." प्रोग्राममध्ये चूक नव्हती, सवाल अर्धा समजला होता. अंक वेगळा आणि संख्या वेगळी. पिनकोड, मोबाइल नंबर आपण अंकाअंकानं वाचतो, पण 12 ला बाराच म्हणतो. कॉलेजचं काम अंकाचंच होतं, तिथं थांबलं असतं तरी चाललं असतं, पण ती म्हणे करूनच टाकतो.

तिनं पहिले जुन्या रिप्लेसच्या पद्धतीनं 12 चं बारा 1 च्या आधी टाकून पाहिलं. 7/12 जमलं, पण 112 चं एक बारा झालं. तुकड्या-तुकड्यानं शोधलं की असं होणारच. लागून आलेले सगळे आकडे एक गठ्ठा म्हणून उचलले पाहिजेत. त्यासाठी आरई (re) नावाचं मॉड्यूल, म्हणजे पायथनसोबतच येणारी तयार औजारांची पेटी आहे, त्याच्या सब फंक्शनला नमुना द्यायचा बॅकस्लॅश डी प्लस, म्हणजे एक किंवा जास्त आकडे लागोपाठ, आणि त्यासोबत आपलं एक फंक्शन द्यायचं, ते प्रत्येक गठ्ठ्याचा शब्द करून परत देते. बॅकस्लॅश डी ला मराठी आकडेही कळतात, तिथं वेगळं काही करावं लागत नाई.

खरी मेहनत यादीची. इंग्रजीत ९९ पर्यंत जायले २८ शब्द पुरतात, झिरो ते नाइन्टीन आणि मग दहादहाचे आठ, बाकीचे जोडून होतात. मराठीत १०० च्या १०० वेगळे लिहावे लागतात, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर काही जोडून बनत नाई. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात साठ तीन, वीस एक असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीही तेव्हा हसलो होतो. ही यादी टाइप करताना हसू नाई आलं.

शंभराच्या यादीत एक शब्द सुटला की त्याच्या पुढचे सगळे एकानं सरकतात. सुटतात ते बहुतेक एकोणवाले, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. आणि ९९ ला एकोणशंभर नसते, नव्व्याण्णव, तिथं हात अडखळतो. शंभर शब्द डोळ्यानं तपासू नका. शब्द[10], शब्द[20], शब्द[30] असे दहादहाचे छापा. तिचं 10 दहा आलं, 50 पन्नास आलं, 60 चं एकसष्ट आलं. म्हणजे पन्नास आणि साठच्या मधात गळती. दहाच शब्द पाहायचे, आणि एकोणसाठ गायब निघाला. पाइपलाइनला भोक कुठं हे पाहायले सगळी नळी उकरत नाई, कॉकाकॉकावर पाणी पाहतो, तसंच.

तीन आकडी आणि त्याहून मोठे गठ्ठे अंकाअंकानं वाचायचे असं ठरवलं, म्हणजे 445001 पुन्हा चार चार पाच शून्य शून्य एक. एकशे बारा, हजार, लाख नंतर कधी.

मग आबाजीचं क्षेत्र टाकलं, चार एकर म्हणजे 1.62 हेक्टर. आलं एक.बासष्ट. झकास, आबाजीही एक हेक्टर बासष्ट आरच म्हणतात (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग). ती फाइल पाठवायले निघाली तं मी म्हटलं काकांच्या तुकड्याचं टाक, 1.05. आलं एक.पाच. मग 1.5 टाक. तेही एक.पाच! एक हेक्टर पाच आर आणि दीड हेक्टर यात एका एकरापेक्षा जास्त फरक, आणि प्रोग्रामनं दोघांना सारखंच करून टाकलं. ती पाच मिनिटं स्क्रीनकडं पाहत बसली आणि मग म्हणे, "काकाजी, इंटनं पुन्हा शून्य खाल्लं." पहिल्या दिवशीचंच 007, 05 चा गठ्ठा इंटमध्ये गेला की 5 उरते.

फंक्शनमध्ये तिनं एक इफ वाढवला, गठ्ठा एकापेक्षा लांब असेल आणि त्याचं पहिलं अक्षर शून्य असेल तं अंकाअंकानं वाच. शून्य तपासताना अक्षर == "0" न लिहिता इंट(अक्षर) == 0 लिहिलं, मराठी ० साठी, हे तिचं तिलाच सुचलं. आता 1.05 चं एक.शून्य पाच येते, 1.5 चं एक.पाच, आणि दोन्ही वहीच्या मागच्या पानावर पाचवी-सहावी ओळ म्हणून चढली.